लागलेले वळण सुधारताना : बालजिम्नॅस्टच्या शिक्षणातील एक प्रश्न

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण मराठीत रूढ आहे. मोठ्या माणसांच्या स्वभावाला ती कितपत लागू पडते, हा वादाचा विषय होईल. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या शरीराला लागलेल्या वळणाबाबत मात्र ती खरी नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या क्रीडाप्रकारात लहानपणी जडलेला एखादा दोष वर्षानुवर्षे टिकून राहतो. तो सूचना देऊन जात नाही, रागावून जात नाही आणि अखेर ‘हा दोष हिच्या अंगातच आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. असा दोष बहुतेक वेळा शिकलेला असतो. आणि जे एकदा शिकले गेले, ते योग्य क्रमाने व पुरेसा अवधी देऊन पुन्हा नव्याने शिकता येते.

पनवेलसारख्या वाढत्या शहरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तेथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि रायगड जिल्ह्याला पहिली महानगरपालिका लाभली. जुने पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहतींतून शाळा सुटल्यावर मुलांना क्रीडावर्गास नेणारे पालक दिसतात. मुलाचे अंग लवचीक व्हावे, धीटपणा यावा, जमल्यास स्पर्धेत उतरता यावे, ही त्यांची साधी अपेक्षा असते.

शरीर कमावण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शारीरिक शिक्षण घेतले होते. एकच डाव शिष्याकडून असंख्य वेळा घोटून घेणे, ही तालमीची जुनी रीत. आधुनिक जिम्नॅस्टिक्समध्येही ही रीत तितकीच उपयोगी आहे. मात्र तिला एक अट आहे. जे घोटले जाते ते बरोबर असले पाहिजे. चुकीची हालचाल घोटली तर चूकच पक्की होते.

लहान दोष, मोठी वजाबाकी

कसरत पूर्ण होणे आणि ती नीट होणे यांत जिम्नॅस्टिक्सने प्रथमपासून भेद केलेला आहे. गुडघे वाकणे, पाय एकमेकांपासून सुटणे, चवडे न ताणणे, कोपर ढिले पडणे, कमरेत बाक येणे या गोष्टींना आकृतिदोष म्हणता येईल. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेची हिने पूर्ण दहा गुण मिळविले तेव्हा अशा दोषांपासून मुक्त असलेली कसरत कशी दिसते हे जगाने पाहिले. २००६ पासून आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने गुणदानाची पद्धत बदलली. आता काठिण्याचे गुण वेगळे आणि सादरीकरणाचे वेगळे दिले जातात. सादरीकरणाचे गुण दहापासून सुरू होतात व दोषागणिक कमी होत जातात. लहान दोषास ०.१०, मध्यम दोषास ०.३० आणि मोठ्या दोषास ०.५० गुण वजा होतात. खेळाडू पडल्यास पूर्ण १.०० गुण जातो.

या आकड्यांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एका रचनेत सहा ठिकाणी गुडघे मध्यम प्रमाणात वाकले तर १.८० गुण जातात, म्हणजे एकदा पडण्यापेक्षाही अधिक. प्रेक्षकांच्या नजरेत भरते ते पडणे. निकालावर मात्र पुन्हापुन्हा होणाऱ्या लहान चुकीचा भार जास्त पडतो.

त्रिपुरातील आगरताळा येथील दीपा कर्माकर हिच्या २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील कामगिरीवरून हे स्पष्ट होते. व्हॉल्ट प्रकाराच्या अंतिम फेरीत तिला १५.०६६ गुण मिळाले आणि ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. या फेरीत दोन उड्यांची सरासरी धरली जाते. म्हणजे एका उडीत साधारण ०.३० गुणांचा, एका मध्यम दोषाएवढा फरक पदकाच्या आड आला. ‘प्रोडुनोव्हा’ या अतिशय कठीण उडीत तिला काठिण्याचे ७.००० गुण होते, तर सादरीकरणाचे ८.२६६. उतरताना शरीर फार खाली गेले होते. तथापि दीपाच्याच उदाहरणात आशेची बाजूही आहे. तिचे तळपाय जन्मतः सपाट होते आणि उड्या घेणाऱ्या खेळाडूला ही उणीव जाचक ठरते. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्या मार्गदर्शनाखाली दीर्घकाळ व्यायाम करून तिने तळपायाला कमान आणली. जन्मजात ठेवणीत जर इतका पालट घडू शकतो, तर सवयीने आलेल्या वळणाबद्दल निराश होण्याचे कारण नाही.

हातांवर उभे राहणे

आकृतिदोष अनेक असले तरी त्यांतील एक नमुन्यादाखल घेतल्यास सर्वांच्या दुरुस्तीची दिशा ध्यानात येईल. हातांवर उभे राहणे, म्हणजेच हँडस्टँड, ही जिम्नॅस्टिक्सची बाराखडी होय. कार्टव्हील, राऊंड ऑफ, बॅक हँडस्प्रिंग, व्हॉल्टवरील उडी, बारवरील झोके या सर्वांत शरीर क्षणभर तरी या स्थितीतून जाते. साहजिकच येथे जडलेला दोष पुढील प्रत्येक कौशल्यात उतरतो.

निर्दोष हँडस्टँडमध्ये मनगटे, खांदे, कंबर आणि घोटे एका उभ्या रेषेत येतात. खांदे कानांपर्यंत वर ढकललेले असतात, बरगड्या आत, पोट घट्ट आणि पाय जुळलेले. सदोष हँडस्टँडमध्ये खांद्यांचा कोन पूर्ण उघडत नाही. छाती एका बाजूला झुकते. तोल सांभाळण्यासाठी कमरेत बाक पडतो आणि पाय डोक्याच्या मागील बाजूस लोंबू लागतात. एवढे होऊनही मूल पडत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. तोल साधला, टाळ्या मिळाल्या, म्हणजे हेच बरोबर अशी शरीराची समजूत होते.

या बाकाचा तोटा पुढे कळतो. काठीचे एक टोक ढकलले तर दुसरे टोकही त्याच क्षणी हलते. दोरी ढकलली तर ती जागीच गोळा होते. ताठ शरीर काठीसारखे असते. हातांनी जमिनीला दिलेला रेटा त्यातून पायांपर्यंत पोहोचतो आणि उसळी मिळते. कमरेत मोडलेल्या शरीरात हा रेटा मध्येच जिरतो. मग उंची कमी पडते आणि ती भरून काढण्यासाठी मूल गुडघे वाकवून घाईने उलटते. अशा वेळी परीक्षकाला वाकलेले गुडघे दिसतात, पण त्यांचे मूळ खांद्यांत असते.

आरोग्याचा प्रश्न याहून मोठा आहे. कमरेच्या मणक्यांवर वारंवार मागे वाकण्याचा ताण आल्यास मणक्याच्या मागील कमानीला बारीक भेग पडू शकते. १९७६ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय अभ्यासकांनी १०० तरुण महिला जिम्नॅस्टच्या कमरेची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा ११ जणींमध्ये हा दोष आढळला. सर्वसाधारण स्त्रियांमधील प्रमाणाच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक होते. म्हणून कमरेचा बाक हा केवळ दिसण्याचा प्रश्न मानता येत नाही.

दोष का टिकतो?

एखादी मुलगी रोज ३० वेळा हँडस्टँड करते आणि आठवड्यातून पाच दिवस वर्गास येते असे धरले, तर ४० आठवड्यांत तिचे ६,००० प्रयत्न होतात. ते सर्व एकाच सदोष आकृतीत झाले असतील तर ती आकृती तिने उत्तम रीतीने आत्मसात केलेली असते. ‘पोट आत घे’ ही तीन शब्दांची सूचना या ६,००० प्रयत्नांच्या विरुद्ध उभी राहते. ती अपुरी पडली तर त्यात मुलीचा हट्ट किंवा निष्काळजीपणा शोधणे योग्य नव्हे.

पॉल फिट्स आणि मायकेल पॉस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर शिकणारा विचार करून हालचाल करतो. दुसऱ्या पायरीवर चुका कमी होत जातात. तिसऱ्या पायरीवर हालचाल आपोआप घडू लागते आणि तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. सायकल चालविणे, पोहणे, अक्षराचे वळण ही याची परिचित उदाहरणे होत. जुना आकृतिदोष तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलेला असतो. तो बदलावयाचा तर मुलाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते, आणि तेथे हालचाल काही काळ पूर्वीपेक्षा वाईट होते. हा तात्पुरता उतार पाहून मूल, पालक आणि काही वेळा प्रशिक्षकही धीर सोडतात. दोष टिकण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण शरीराच्या फसव्या जाणिवेत आहे. सवयीने बाक घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाला तो बाकच सरळ वाटतो. प्रशिक्षकाने हाताने त्याचे शरीर खरोखर सरळ केले की ‘आता मी पुढे पडतो’ असे ते सांगते. ते खोटे बोलत नसते. त्याच्या अंगाची खूणच चुकीच्या जागी बसलेली असते.

आधी निदान

वैद्य जसा तापाचे कारण पाहून औषध देतो, तसे दोषाचे कारण पाहून दुरुस्ती करावी लागते. कमरेचा बाक दिसावयास एकच असला तरी त्यामागे निदान चार कारणे संभवतात आणि ती ओळखण्यास महागडी साधने लागत नाहीत.

पहिले कारण खांद्यांचा आखडलेपणा. मुलाला पाठीवर निजवून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीस चिकटवून हात कानांजवळून मागे न्यावयास सांगावे. कंबर न उचलता हात जमिनीस टेकले तर खांदे मोकळे आहेत. हात टेकताना कंबर वर येत असेल तर हँडस्टँडमध्येही तेच घडणार.

दुसरे कारण पोटाच्या स्नायूंची दुर्बलता. पाठीवर निजून, कंबर जमिनीस चिकटलेली ठेवून हात, डोके, खांदे व पाय किंचित उचलून धरावेत. प्रशिक्षक या स्थितीस ‘हॉलो होल्ड’ म्हणतात. शरीर उथळ होडीसारखे दिसते. काही सेकंदांतच कंबर सुटून वर आली तर सूचनांनी काम होणार नाही, तेथे आधी बळ वाढवावे लागेल.

तिसरे कारण भीती. उलटे असताना जमीन दिसावी म्हणून मूल मान मागे टाकते, आणि मानेच्या मागे पाठही वाकते. आधार दिल्यावर आकृती सुधारते व आधार काढताच बिघडते, ही भीतीची ठळक खूण होय.

चौथे कारण चुकीची कल्पना. जुन्या छायाचित्रांत व सर्कशीच्या खेळांत कमान घेतलेला हँडस्टँड सर्रास दिसतो. एके काळी तो डौलाचा मानला जाई. महाराष्ट्राला मल्लखांबाचाही मोठा वारसा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवजीवन दिले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे तिची प्रात्यक्षिके दाखविली आणि २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मल्लखांबावरील अनेक आसनांत पाठीची कमान हेच सौंदर्य असते. दोन्ही प्रकार शिकणाऱ्या मुलाला कोणत्या ठिकाणी कमान हवी आणि कोणत्या ठिकाणी सरळ रेषा, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम

निदानानंतरचे पहिले पाऊल म्हणजे चुकीचा सराव थांबविणे. बॅक हँडस्प्रिंग सदोष होत असेल तर ती काही आठवडे बंद ठेवावी लागते. एका बाजूने दुरुस्ती आणि दुसऱ्या बाजूने जुन्याच पद्धतीने रोजच्या उलट्या उड्या, असे चालू राहिल्यास दुरुस्ती टिकत नाही. हे पाऊल मुलाला अतिशय जड जाते. मागून आलेल्या मैत्रिणी पुढे जातात आणि आपण मात्र भिंतीपाशी उभे, असे त्याला वाटते. म्हणून कारण काय आणि साधारण किती दिवस, हे त्याला आधीच समजावून सांगावे. ज्या साधनावर त्याचे काम चांगले आहे तेथे त्याला पुढे जाऊ द्यावे.

त्यानंतर आकृती सोप्या स्थितीत शिकवावी. प्रथम जमिनीवर निजून सरळ रेषेची जाणीव द्यावी. मग जोर काढताना घेतात त्याप्रमाणे हात टेकून, कोपर ताठ ठेवून, खांदे ढकलून तीच आकृती धरावी. नंतर पाय एखाद्या पेटीवर ठेवून कंबर खांद्यांवर आणावी. शेवटी भिंत. येथे एक सर्वसामान्य चूक होते. मुले भिंतीकडे पाठ करून पाय वर फेकतात आणि टाचा भिंतीला टेकवितात. हात भिंतीपासून दूर असल्यामुळे या पद्धतीत कमरेचा बाकच घोटला जातो. त्याऐवजी पोट भिंतीकडे ठेवून, पाय भिंतीवर चढवीत, हात भिंतीजवळ आणावेत. नाक आणि पायाची बोटे भिंतीस लागली म्हणजे शरीर जवळजवळ रेषेत येते. या स्थितीतून उतरण्याची सुरक्षित रीत आधी शिकवावी आणि प्रारंभी प्रशिक्षकाने जवळ उभे राहावे.

पाय सुटण्याची खोड असल्यास घोट्यांमध्ये घडी घातलेला रुमाल धरावयास द्यावा. रुमाल पडला की चूक मुलाला स्वतःलाच कळते. कोणी ओरडण्याची गरज राहत नाही.

सराव थोडा पण स्वच्छ असावा. एक मिनिटभर लटपटत उभे राहण्यापेक्षा १० सेकंदांचे पाच निर्दोष प्रयत्न अधिक उपयुक्त ठरतात. आकृती बिघडू लागताच खाली उतरावे. हा सराव वर्गाच्या प्रारंभी, अंग तापविल्यानंतर लगेच घ्यावा. थकलेले शरीर जुन्या सवयीकडे परत धाव घेते.

भिंतीवर आकृती पक्की झाल्यावर आधाराने, मग आधाराविना, मग कार्टव्हीलमध्ये, मग वेगातील कौशल्यात असा प्रवास करावा. प्रत्येक नव्या पायरीवर जुना दोष डोके वर काढतो. त्यामुळे पूर्वीचे श्रम वाया गेले असे समजू नये. एक पायरी खाली यावे आणि पुन्हा वर जावे. स्पर्धेच्या ताणाखाली तो दोष आणखी एकदा दिसण्याचा संभव असतो, म्हणून स्पर्धेसारख्या वातावरणातही सराव घ्यावा. हा सर्व काळ दिवसांचा नसून महिन्यांचा असतो.

सूचना देण्याची रीत

एका वेळी एकच सूचना, हा पहिला नियम. ‘गुडघे, चवडे, पोट, मान’ असा एका दमात केलेला घोष उलट्या स्थितीतील मुलाच्या उपयोगी पडत नाही.

सूचनेचे शब्दही विचारपूर्वक निवडावे लागतात. जर्मनीत गाब्रिएले वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, स्वतःच्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरील परिणामाकडे लक्ष दिल्याने शिकणे अधिक चांगले होते. या तत्त्वानुसार ‘कंबर सरळ कर’ म्हणण्यापेक्षा ‘टाचांनी छताला हात लावल्यासारखे कर’ किंवा ‘जमीन दूर ढकल’ असे म्हणणे परिणामकारक ठरण्याचा संभव अधिक.

प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच शेरा देण्याचा मोहही आवरावा. अशाने शिकणारा बाहेरच्या शेऱ्यावर विसंबून राहतो, असे मत साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मांडले. आधी मुलालाच विचारावे, ‘आता कसे वाटले?’ त्यानंतर मोबाइलवर घेतलेले चित्रण बाजूने दाखवावे. आपल्याला वाटले ते आणि प्रत्यक्ष झाले ते यांतील अंतर मुलाने स्वतः पाहिले की शरीराची फसवी खूण हळूहळू योग्य जागी येते. हे चित्रण केवळ शिकण्यासाठी असावे. ते पालकांच्या संमतीने घ्यावे आणि इतरत्र पसरवू नये.

वेदना, वाढ आणि मर्यादा

आखडलेले खांदे किंवा पाय मोकळे करण्यासाठी मुलाच्या अंगावर भार टाकून ताणण्याचा प्रकार काही ठिकाणी ‘जुनी पद्धत’ म्हणून खपविला जातो. तो सोडून दिला पाहिजे. लवचीकता हळूहळू, गरम झालेल्या अंगाने आणि मुलाच्या सहनशक्तीच्या आत वाढवावी. मूल रडत असताना ताणणे ही शिस्त नव्हे.

मागे वाकताना कमरेत दुखणे, हातांवर भार घेताना मनगट दुखणे ही लक्षणे वारंवार दिसू लागल्यास सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे भाग नाजूक असतात. मनगटाजवळील असा भाग जिम्नॅस्टमध्ये विशेषतः दुखावतो.

वाढीचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलींमध्ये सुमारे १० ते १३ आणि मुलांमध्ये सुमारे १२ ते १५ या वयांत उंची झपाट्याने वाढते. हातपाय लांब होतात, वजन बदलते आणि कालपर्यंत बिनचूक असलेली कसरत अचानक बिघडते. गेलेला दोष परत आला की ‘लक्ष नाही’ असा ठपका ठेवला जातो. वास्तविक मुलाला नव्या मापाच्या शरीराशी पुन्हा ओळख करून घ्यावयाची असते. अशा वेळी मूलभूत सराव वाढवावा आणि अवघड उड्या कमी कराव्यात. वजनावरून टोमणे मारू नयेत. या वयात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, त्यांचे परिणाम खेळापुरते राहत नाहीत.

पालक आणि स्पर्धा

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण देण्याची तरतूदही शासनाने केलेली आहे. या सवलतींमुळे खेळाला प्रतिष्ठा आली हे खरे. पण त्याबरोबर प्रमाणपत्राची घाईही आली. दोष दुरुस्तीच्या मध्यावर असताना स्पर्धेची तारीख येते आणि प्रशिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो. मुलीला जुन्याच पद्धतीने उतरवावे, की ही एक स्पर्धा सोडावी? उतरविल्यास कदाचित यंदा पदक मिळेल, परंतु दोन महिन्यांचे काम पुसले जाण्याचा धोका असतो. मधला मार्गही असतो. काठिण्य कमी करून, नव्या आकृतीत जेवढे निर्दोष करता येईल तेवढेच सादर करावे. गुण कमी पडले तरी मुलीच्या मनात नवे वळण पक्के होते.

हा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा असू शकत नाही. घरातून ‘बाकीच्या मुली पुढे गेल्या, तू अजून भिंतीपाशीच?’ असा प्रश्न आला की प्रशिक्षकाचे समजावणे व्यर्थ जाते. पालकांनी घरी दिवाणखान्यात मुलाकडून उड्या करवून घेऊ नयेत; गादी आणि देखरेख नसताना केलेला तो सराव दोष वाढवितो आणि इजाही करतो. किती शिकलास, याऐवजी आज काय नीट झाले, असे विचारावे. पुरेशी झोप आणि सकस आहार हा पालकांचा वाटा आहे, आणि तो प्रशिक्षणाइतकाच मोलाचा आहे.

पनवेलसारख्या शहरात

या कामासाठी भव्य क्रीडासंकुल असलेच पाहिजे असे नाही. खांद्यांची तपासणी, होडीसारखी स्थिती, भिंतीवरील सराव, रुमालाची युक्ती यांसाठी शाळेच्या सभागृहाचा एक कोपरा, एक स्वच्छ भिंत आणि काही जाड गाद्या पुरतात. पनवेलचा पावसाळा दीर्घ आणि दमट असतो. गाद्या ओल धरतात, तळहातांना घाम येतो आणि पकड सुटते. म्हणून गाद्या जमिनीपासून वर, हवेशीर ठेवणे, सरावापूर्वी त्या कोरड्या आहेत हे पाहणे आणि हातांसाठी मॅग्नेशियमची भुकटी जवळ असणे एवढी व्यवस्था प्रत्येक केंद्राने करावयास हवी. बाहेर मैदाने भिजलेली असतात, तो काळ मूलभूत आकृतीच्या सरावासाठी वापरता येईल.

शाळांतील शारीरिक शिक्षण शिक्षकांची भूमिका यात सर्वांत महत्त्वाची ठरते. मुलाचा पहिला हँडस्टँड बहुधा त्यांच्यासमोर होतो. पहिल्या शंभर प्रयत्नांत आकृतीकडे लक्ष दिले गेले तर पुढील हजारो प्रयत्नांची दुरुस्ती टळते. शिक्षक आणि क्रीडावर्गांचे प्रशिक्षक यांनी अधूनमधून एकत्र बसून मुलांच्या आकृतीची नोंद ठेवली, वर्षातून दोनदा बाजूने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली, तरी पुष्कळ काम होईल. जिल्हा क्रीडा कार्यालयाचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येते.

दुरुस्तीच्या वाटेवरील मुलाला आपल्या प्रगतीचे माप हवे असते आणि ते पदकात मिळत नाही. भिंतीपाशी धरलेले १० सेकंद, न पडलेला रुमाल, कंबर न उचलता जमिनीस टेकलेले हात ही त्याची मापे होत. ती एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत आणि मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्यावीत. चार महिन्यांनी मागची पाने उलटली की, आपल्या शरीराचे वळण आपण बदलू शकतो, ही गोष्ट त्याला कोणी निराळी सांगावी लागत नाही.